तळ्याच्या आजीची चटई

वातुगेदे, सोमवार पोन
८ फेब्रुवारी १९९३

पाकने,

नवऱ्याची खुशाली विचारायची रीत आहे म्हणून विचारते. तुम्ही बरेच असाल. तुमच्या भावाच्या मिरीच्या मळ्यात पाणी असेल, आणि रस्त्यात अडवून "गुरुजी, तळं कुठे गेलं?" असं विचारणारं तिथे कुणी नसेल. इथे आम्ही ठीक. आम्ही म्हणजे मी आणि बकरी.

भांडायला लिहीत नाही. काम आहे. काल संध्याकाळी ओसरीवर खुसपुस ऐकू आली. बघते तर नववीची पोरं वह्या घेऊन, चपला ओळीत काढून बसलेली. दर वर्षी या दिवसांत येतात तशीच आली. मी म्हटलं, अरे बाळांनो, गुरुजी लाम्पुंगला भावाकडे गेलेत, आता उजळणी कोण घेणार? तर ती वार्सिनाह, मुखिया कार्योची नात, दोन वेण्या आणि वीतभर जीभ, म्हणाली की शाळेत पृथ्वीचा विषय कवायतीचे सर घेतात आणि ते म्हणतात पुस्तक वाचा. "तुम्हीच घ्या ना, इबू. तुम्ही इतकी वर्षं आतून ऐकताच आहात."

आता सांगा, मी टेंपे विकणारी बाई. पण खोटं नाही बोलली पोरगी. तुम्ही ओसरीवर शिकवायचात आणि मी आत केळीच्या पानात सोयाबीनचे टेंपे बांधायचे. मध्ये बांबूची भिंत. तुमचा आवाज तर असा की बकरीलासुद्धा खडकांचे प्रकार पाठ झाले असतील.

म्हणून घेतली उजळणी. खारवलेलं बदकाचं अंडं कापलं, तुम्ही कापायचात तसंच, उभं. पिवळं म्हणजे गाभा, पांढरं म्हणजे प्रावरण, टरफल म्हणजे कवच. मग सांगितलं, या तिघांत कवच सगळ्यात जाड. एवढे डोंगर, एवढी माणसं, एवढ्या म्हशी त्याच्यावर उभ्या, मग जाड असणारच. पोरांनी लिहून घेतलं. बरोबर सांगितलं ना?

जानेवारीत पाहिंगला, पाच बाजारवारांतल्या आपल्या बाजाराच्या दिवशी, पिशवी घेऊन निघालात आणि म्हणालात, मिरी तोडायला भावाला माणूस हवाय. मिरी पावसाळा संपल्यावर तोडतात आणि जानेवारी म्हणजे ऐन पावसाळा, एवढं मलाही कळतं. तरी मी डबा बांधून दिला.

ओसरी अगदी स्वच्छ आहे. तुम्ही गेल्यापासून कुणी चिखलाचे पाय घेऊन वर येत नाही. तीस वर्षं त्यावरून तुमच्याशी भांडले. आता बरं वाटायला हवं होतं.

बुने

*

वातुगेदे, शनिवार पाहिंग
२७ फेब्रुवारी

पाकने,

तुमचं कार्ड बाजाराच्या ट्रकवाल्याने आणून दिलं. "कवच सगळ्यात पातळ. ताबडतोब सांग मुलांना." बस्स. ना "बुने" म्हणून हाक, ना "कशी आहेस". ताबडतोबच्या खाली मात्र दोन रेघा. मी ते कार्ड तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलंय. जेवताना समोर दिसतं.

पोरांना सांगितलं, गुरुजींनी चूक पकडली. ती एवढी खूश झाली की विचारू नका. वार्सिनाहने तर टाळीच वाजवली. म्हणाली, म्हणजे गुरुजी अजून आहेत!

या आठवड्यात खडक घेतले. मेरापीच्या राखेचे, लाव्हाचे ते अग्निज, इथवर ठीक. मग आपल्या डोंगरातली चुनखडी आली. पोरांनी पांढऱ्या दगडात रुतलेला शिंपला आणला आणि विचारलं, समुद्र एवढा लांब, मग हा इथे कसा? मी म्हटलं, अरे, जुन्या काळी माणसं बारोनच्या किनाऱ्यावरून शिंपले आणायची, खायची आणि टरफलं इथे टाकायची. त्याचेच दगड झाले. पटलं सगळ्यांना.

लिहिता लिहिता आठवलं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. मी नव्या घरात चुलीशी रडत बसले होते, आईची आठवण येत होती. तुम्ही शाळेतून आलात, पाय चिखलाने भरलेले, हातात असाच एक दगड. म्हणालात, "बुने, कुठे बसून भात शिजवतेस माहीत आहे का? समुद्राच्या तळाशी." मी घाबरून चुलीतलं लाकूडच बाहेर ओढलं. मग तुम्ही हसत हसत सगळं सांगितलंत, हा सगळा डोंगर कसा पाण्याखाली होता, शिंपले कसे साचले, आणि जमीन कशी हळूहळू वर आली. भात करपला. तुम्ही करपलेला भात खाल्लात आणि चांगला झालाय म्हणालात. असं खोटं तुम्हाला तेव्हा यायचं.

रोजे सुरू झालेत. ईदला याल ना? आपली लास्मी योग्या शहरातून तिच्या पोरांना घेऊन येणार आहे. आल्यावर बापाबद्दल विचारेल. काय सांगू तेवढं कळवा.

बुने

*

वातुगेदे, मंगळवार पोन
३० मार्च

पाकने,

आज उजळणी नाही. आज मी रागावलेय.

शिंपल्यांवर तुम्ही पानभर लिहिलंत. "माणसांनी खाऊन टाकलेले? कुणी सांगितलं तुला? डोंगरभर? किती माणसं जेवत होती?" वाचून मी पोटभर हसले. मला वाटलं, एवढं चिडलं माणूस, म्हणजे आता ईदला येणार. तुमचा चौकड्यांचा सारोंग धुऊन इस्त्री करून ठेवला. टोळ तळून बरणीत भरले, लाल मिरचीचे, तुम्हाला आवडतात तसे. ईदच्या आदल्या संध्याकाळी शेवटची बस वळणावरून वर आली तेव्हा मी फाटकातच उभी होते. लोकांना वाटलं मी लास्मीची वाट बघतेय. लास्मी तर दुपारीच आली होती, घरात कांदे चिरत होती.

लास्मीने विचारलं. मी सांगितलं, मिरीचं काम आहे. ती तुमचीच मुलगी. म्हणाली, "आई, मिरीला अजून वेळ आहे."

आणि ईदच्या सकाळी काय झालं ऐका. दर वर्षी येतात तसे तुमचे सगळे विद्यार्थी आले, आता बायकापोरं असलेलेसुद्धा, माफी मागायला, गुडघ्याला हात लावायला. तुमची वेताची खुर्ची रिकामी. मला वाटलं परत जातील. नाही गेले. एकेक जण खुर्चीसमोर बसला, हात जोडले, "वर्षभराच्या चुका पोटात घाला, गुरुजी" म्हणाला आणि उठला. मी आत जाऊन पदराने तोंड दाबलं. पाकने, तुमच्या चुका पोटात घालायला गाव बसलंय आणि तुम्ही गावाच्या चुका पोटात घालायला घरी नाही, ही कुठली रीत?

सगळ्यात शेवटी कार्यो आला. हो, तोच. टपरीवर बसून "गुरुजींनी आजीची चटई गुंडाळली" असं सगळ्यांना ऐकवणारा. मी चहासुद्धा विचारणार नव्हते. पण सणाचा दिवस, दिला. त्याने पेला रिकामा केला. मग म्हणाला की तळ्यातला गाळ काढायचं यंत्र आणायच्या कागदावर पहिला अंगठा मुखिया म्हणून त्याचाच होता. लोक तेव्हा ओरडत होते, काठावरचा गाळ काढा, मधला काढू नका, ती तळ्याची राखण करणाऱ्या आजीची चटई आहे, आजी उठून जाईल. तेव्हा गुरुजींनी समजावलं, गाळ काढला की तळं खोल होईल, पाणी जास्त मावेल. आणि कार्योने ते ऐकलं, कारण त्यालाही तळं खोलच हवं होतं. "इबू," तो म्हणाला, "चटईचं एक टोक त्यांच्या हातात होतं. दुसरं माझ्या हातात होतं. मी मात्र गावातच राहिलो आणि सगळं त्यांच्यावर ढकललं."

हे त्याने सांगितलं ते मी तुम्हाला कळवते. माझं म्हणणं वेगळं आहे. तळं आटलं याचा मला राग नाही. तुम्ही पाठ फिरवून निघून गेलात याचा आहे. तळं काय फक्त तुमचं होतं? आपण दोघं तिथे भेटलो होतो. मी घागर भरत होते आणि तुम्ही म्हैस धूत होतात, मास्तर असून. तेव्हाच मला हसू आलं होतं.

टोळ बकरी खात नाही. मीच संपवले.

बुने

*

वातुगेदे, गुरुवार लेगी
२२ एप्रिल

पाकने,

"तू मुद्दाम चुकतेस. कवच पातळ असतं हे तुला लास्मीच्या जन्माआधीपासून माहीत आहे. आता लिहू नकोस." मिळालं तुमचं कार्ड.

मग काय मुद्दाम नाही चुकणार? दुसरा काय उपाय होता? खुशाली विचारली असती तर उत्तर दिलं असतंत? तुमचं सगळं मला ठाऊक आहे. बायको उपाशी आहे म्हटलं तर एखादे वेळी गप्प राहाल, पण कुणी संगमरवराला अग्निज म्हटलं तर झोपेतून उठून बसाल. पोरांना बरोबरच शिकवते मी, काळजी नको. अंडं कापलं त्याच दिवशी टरफल चिमटीत धरून दाखवलं होतं. तुम्हाला लिहिताना तेवढं फिरवून लिहिलं. वार्सिनाहला माहीत होतं. तीच म्हणाली होती, इबू, शिंपल्यांचं लिहा, गुरुजी पेटतील.

लिहू नकोस म्हणता, पण आता खरंच अडलंय. यात डाव नाही.

गेल्या आठवड्यात सरावाचा पेपर सोडवत होतो. प्रश्न असा: चुनखडीच्या प्रदेशात पावसाचं पाणी भेगांतून खाली जातं, वर टिकत नाही. आपल्या परिसरातलं उदाहरण द्या. पोरं लिहायला लागली. वार्सिनाहने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "इबू, आपला सगळा डोंगर चुनखडीचा. मग आपलं तळं आजोबांच्या आजोबांपासून भरलेलं कसं राहिलं?"

सगळ्या पेन्सिली थांबल्या. पोरांनी माझ्याकडे नाही, तुमच्या खुर्चीकडे बघितलं. मी म्हटलं, उद्या सांगते. रोज म्हणते, उद्या सांगते.

उत्तर मला येत नाही असं नाही. पाणी मुरू देणारे आणि पाणी अडवणारे थर, तुमचा हा धडा भिंतीपलीकडून कितीदा ऐकलाय. पण हे उत्तर मी दिलं तर बायकोने नवऱ्याची चूक चारचौघांत सांगितल्यासारखं होईल. आणि दुसऱ्या कुणी दिलं तर तो टोमणा होईल. ते तुमच्याच तोंडून यायला हवं. मेच्या शेवटी परीक्षा आहे. पोरगी वाट बघतेय.

पाऊस कमी झालाय. टाकीतलं पाणी अजून आहे. तळ्यात मधोमध थोडी ओल उरलीय, त्यात बेडूक ओरडतात. शेजारची म्बोक जिनेम म्हणते, उन्हाळ्याचं पाणी विकत आणायला यंदा बकऱ्या विकाव्या लागणार. मी माझी विकणार नाही, ती तुमचा आवाज ओळखते.

बुने

*

वातुगेदे, रविवार क्लिवोन
१६ मे

पाकने,

तीन पानं! ट्रकवाल्याने पाकीट दिलं तेव्हा जाडी बघून ते दोनदा उलटंपालटं केलं. वाटलं, आजारी असाल, दुसऱ्याने लिहिलं असेल. मग अक्षर पाहिलं.

मी एकटीने नाही वाचलं. पोरांसाठी होतं, म्हणून ओसरीवर वाचलं. वार्सिनाहला उभं केलं, तिचा आवाज मोठा. पण वाडीत काय लपतं? पोरांच्या मागे आया आल्या, आयांच्या मागे बाप, आणि फाटकाशी कार्यो येऊन टेकला.

पहिलं पान सगळं धडाच होता. डोंगरावरची लाल माती पावसाने धुऊन खळग्यात येते. तिचे कण इतके बारीक की ओले झाले की एकमेकांना चिकटतात. गुरं पाण्यात उतरतात, माणसं उतरतात, पिढ्यान्‌पिढ्या तुडवतात. मातीचा लेप भेगांमध्ये दाबला जातो आणि खालच्या चुनखडीपर्यंत पाणी पोचतच नाही. पोरं भराभरा लिहून घेत होती.

मग दुसरं पान आलं आणि वार्सिनाहचा आवाज बारीक झाला. तुम्ही लिहिलंय: "हीच आजीची चटई. जुन्या लोकांना चिकणमाती हा शब्द माहीत नसेल, पण ती काढायची नाही हे माहीत होतं. मला शब्द माहीत होता. दर वर्षी मी तो फळ्यावर लिहिला. आणि तळ्याच्या काठावर उभा राहून मी त्याच मातीला गाळ म्हटलं. मुलांनो, परीक्षेत हे उदाहरण लिहा. खाली माझं नाव लिहिलंत तरी चालेल."

मला वाटलं आता कुणीतरी खोकेल, टोमणा मारेल. मी सगळ्यांकडे बघत होते, बघू कोण मारतं ते. कार्योने टोपी काढली. त्याने विचारलं, "त्या मातीचं काय झालं?"

आणि सगळे एकदम खाली बघायला लागले. कारण माहीतच होतं सगळ्यांना. ती सुपीक माती, यंत्राने काठावर टाकली, आणि रातोरात गाड्या भरून प्रत्येकाने आपापल्या कसाव्याच्या वाफ्यात नेली. आपणही नेली, पाकने. आपल्या मागच्या वाफ्यात जे टंच कंद आलेत ना, ते आजीच्या चटईवर वाढलेत. तुम्ही एकट्याने काय गुंडाळणार? अख्ख्या वाडीने एकेक तुकडा फाडून घरी नेलाय.

म्बोक जिनेम पहिली उठली. तिच्या बांधावर अजून ढीग आहे, त्यावर मिरच्या लावल्यात. म्हणाली, मिरच्या उद्या उपटते. मग एकेक जण बोलायला लागला. आता रोज संध्याकाळी टोपल्या चालल्यात. कार्यो स्वतः डोक्यावरून वाहतो, या वयात, सांगून ऐकत नाही. म्हशीही तयार आहेत, आणि पोरांना तर तुडवायला मिळणार म्हणून परीक्षेची भीतीच उरली नाही.

पण आता अडलंय ते खरं. कुठली माती आजीची आणि कुठली नुसती शेतातली, कुणाला कळत नाही. जिनेम म्हणते ही, कार्यो म्हणतो ती. आधी भेगा बुजवायच्या की आधी पसरायचं? किती ओली हवी? मधली ओल आहे तोवरच हे होईल. पाऊस गेला, ऊन तापतंय. तळ सुकून दगड झाला की मग पुढच्या वर्षीपर्यंत काही नाही, आणि वाडीतल्या बकऱ्या बाजारात जातील.

तुम्ही पत्राने शिकवू शकता हे सिद्ध झालं. पण चिखल काही पत्राने तुडवता येत नाही. तिसऱ्या पानाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "लोक काय म्हणतील?" लोक म्हणतायत, गुरुजींना विचारा. दिवसातून दहादा म्हणतायत. मी किती वेळा सांगू, ते लाम्पुंगला आहेत म्हणून?

मी पुन्हा लिहिणार नाही. आता मुद्दाम चुकायलाही माझ्याकडे काही उरलं नाही. फक्त हे खरं सांगते की मला तुमच्याशिवाय करमत नाही. तीस वर्षांत कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही कुठे गेलाच नव्हता.

बुने

*

चुलीशेजारी ठेवलेली चिठ्ठी
शनिवार पाहिंग, १२ जून

पाकने,

मी बाजारात जातेय. तुम्ही पहाटेच उठून तळ्यावर गेलात, मला जाग आली होती, पण झोपल्याचं सोंग घेतलं. दाराशी बकरीशी काय बोलत होतात तेही ऐकलं. मला जे सांगायचं ते बकरीला सांगण्यात काय अर्थ आहे?

पोरांचा पेपर बरा गेला. वार्सिनाह सांगत होती, तो प्रश्न आला नाही. तिला फार वाईट वाटलं. तुम्ही दिसलात तर तिला दोन शब्द बोला. आता ती त्याच वहीत म्हशींची पाळी लिहून ठेवते, कुणाची कधी तळ्यात उतरायची.

रात्री मी विचारलं, पाणी राहील का? तुम्ही म्हणालात, माहीत नाही, एक पावसाळा जाऊ दे, दोन जाऊ दे, चटई एका दिवसात विणली जात नाही. मला उत्तर आवडलं. तुमच्या तोंडून "माहीत नाही" पहिल्यांदाच ऐकलं मी.

कसाव्याच्या पिठाचा वाफवलेला टिवुल झाकून ठेवलाय. बरणीत टोळ आहेत, नवे तळलेत. कार्यो बरोबर आला तर त्यालाही द्या, पण जास्त नको.

आणि पाय धुवायला ओसरीवर पाणी ठेवलेलं नाही. पाणी जपायला हवं हे एक कारण. दुसरं तुम्हाला माहीत आहे. तसेच, चिखलाचे पाय घेऊन आत या.

बुने